राणी रंगाचं पॅराशूट

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्याकडचा मका कापून होतो. आठ-दहा दिवस कापणीची यंत्रं धूळ उडवत फिरतात, आणि मग एका सकाळी गाडी घेऊन गावाबाहेर पडावं तर रस्त्याच्या दोन्ही बाजू एकदम मोकळ्या झालेल्या असतात. कालपर्यंत डोक्यापेक्षा उंच उभी असलेली भिंत गेलेली असते, उरतात ती धसकटं. मिनेसोटातले लोक या दिवसांचं फार कौतुक करतात. रंगलेली पानं बघायला जातात, भोपळे आणतात, दारात गवताच्या पेंढ्या मांडतात. मला मात्र एवढं आकाश अचानक उघडं पडलेलं दिसलं की मान खांद्यात ओढून घ्यावीशी वाटते. जवळजवळ चाळीस वर्षं झाली, तरी वाटते.

यंदा जरा जास्तच वाटते आहे, कारण माझ्या शिवणाच्या टेबलावर पुन्हा एक पॅराशूट पडलं आहे. केशरी रंगाचं, नव्या कापडाचं. माझ्या नातीचं, अनिकाचं. "आजी, यू यूज्ड टू मेक दीज, राइट?" असं तिनं फोनवर विचारलं आणि मी काही सुचायच्या आत हो म्हणून बसले. शनिवारी तिचं रॉकेट उडायचं आहे. ज्या क्लबबरोबर उडायचं आहे तो नवा आहे, माणसं नवी आहेत. शेत मात्र तसंच असणार. शेतं काही बदलत नाहीत.

रॉकेट म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर एकतर अवकाशयान येतं नाहीतर दिवाळीतला बाण. आमचं या दोन्हींच्या मधलं होतं. ऐंशीच्या दशकात श्रीधर, माझा नवरा, इथल्या एका कॉम्प्युटर कंपनीत इंजिनिअर होता, आणि ऑफिसातल्या कुणीतरी त्याला एका रविवारी शेतात नेऊन हे खूळ त्याच्या डोक्यात भरवलं. जाड पुठ्ठ्याची नळी, तिला प्लायवूडचे पंख, आत लाटण्याएवढं इंजिन. उभं केलं की माझ्यापेक्षा उंच. वर जायचं ते तीन-चार हजार फूट. इंजिन विझलं की ते आपल्याच वेगानं आणखी वर जात राहायचं, आणि अगदी माथ्यावर पोचलं की आत ठेवलेली चिमूटभर दारू पेटून टोक उडायचं व पॅराशूट बाहेर यायचं. सगळं नीट झालं तर. आमच्या मराठी मंडळींना याची भारी गंमत वाटायची. "यार श्रीधर, एवढं शिकलास ते बाण उडवायला?" असं कुणीतरी प्रत्येक पार्टीत म्हणायचंच. तोही हसायचा. तेव्हा तो खूप हसायचा.

पॅराशूट माझं होतं. म्हणजे माझ्या साडीचं होतं. लग्नात मामीनं दिलेली राणी रंगाची नायलॉनची साडी होती ती, जी नेसून मिनेसोटाच्या कोरड्या हिवाळ्यात दाराच्या मुठीला हात लावला की चटका बसायचा. पेटीत पडूनच होती. श्रीधरनं फार आडवळणानं विषय काढला, की नायलॉन हलकं असतं, मजबूत असतं, आणि तो रंग आकाशात कुठूनही दिसेल. मी त्याला बराच वेळ बोलू दिलं आणि मग कात्री घेतली. परकराला घालतात तशा आठ कळ्या कापल्या, जोडल्या, कडेला दुहेरी शिलाई मारली. आठ शिलायांना आठ दोऱ्या. पहिल्यांदा ते आकाशात उघडलं तेव्हा शेतातल्या साठ-सत्तर गोऱ्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला वाटलं, मामीला एक पत्र टाकावं.

मग आमची एक पद्धत पडून गेली. घडी मी घालायची, नळीत श्रीधरनं भरायची. शनिवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी पॅराशूट पसरायची, वर टाल्कम पावडर भुरभुरायची म्हणजे थंडीत नायलॉन एकमेकांना चिकटत नाही, कळीवर कळी ठेवायची आणि निऱ्या घालाव्यात तसं ते मिटत न्यायची. अजून कुठं त्या पावडरीचा वास आला की मला बाळं आठवत नाहीत, रॉकेट आठवतं. शेतावर गेल्यावर श्रीधर ती घडी जशीच्या तशी उचलून नळीत सरकवायचा. ती कधी उलगडून बघायचा नाही. "हिच्या घडीला इस्त्रीवाला लाजेल," असं तो क्लबातल्या लोकांना सांगायचा, मग त्याचं इंग्रजी करताना अडकायचा.

क्लबाची सुरक्षा कार्ल नावाच्या एका निवृत्त शाळामास्तरांकडे होती. उंच, वाकलेले, कानावर पेन्सिल आणि हातात स्प्रेच्या डब्यासारखा एक भोंगा. प्रत्येक रॉकेटमागे ते एक कार्ड भरून घेत आणि एकेक प्रश्न मोठ्यानं वाचून विचारत. इंजिन पक्कं बसलंय? पंख हलत नाहीत? पॅराशूट स्वतः उघडून पाहिलंत? हो म्हटलं की खूण. त्यांनी आम्हा सगळ्यांना आणखी एक शिकवलं होतं. वर गेलेलं रॉकेट वेडंवाकडं येताना दिसलं तर ते भोंगा वाजवत, आणि मग ज्याला ज्याला ते दिसत असेल त्यानं हात वर करून बोटानं ते दाखवत राहायचं. ज्याला दिसत नसेल त्यानं आकाशाकडे न बघता लोकांच्या बोटांकडे बघायचं. बोटं आपल्याकडे वळली तर बाजूला व्हायचं.

त्या बोटांची मला पहिल्यापासून धास्ती वाटायची. इतकी माणसं, न बोलता, हात वर करून उभी.

आणि त्याहून जास्त धास्ती मधल्या शांततेची. इंजिनाचा आवाज पोटात घुमत असतो तोवर काही वाटत नाही. तो थांबला की सगळं शेत गप्प होतं. धुराची एक रेघ वाऱ्यानं वाकायला लागते, जळलेल्या रबरासारखा वास नाकात शिरतो, आणि वर कुठंतरी ती वस्तू आहे एवढंच माहीत असतं. कुठं ते माहीत नसतं. सात-आठ सेकंदांचा मामला. मग वरून बारीकसं 'फट्' ऐकू यायचं, राणी रंगाचा ठिपका उमलायचा आणि माझा जीव भांड्यात पडायचा. मी घरी जाऊन कधी हे बोलून दाखवलं नाही. बाकीच्या बायका मजेत सँडविचं खात बसलेल्या असायच्या.

त्या वर्षी, सत्त्याऐंशी साली, मका लवकर कापला गेला होता. सप्टेंबरच्या लाँचला कुणाचं तरी रॉकेट पॅराशूटशिवाय सरळ खाली आलं आणि एका पिकअपच्या टपातून आत घुसलं. ड्रायव्हरच्या सीटमध्ये वीतभर रुतलं होतं. गाडीचा मालक दोन मिनिटांपूर्वीच कॉफी ओतून घ्यायला खाली उतरला होता. सगळे जमले, हसले, त्या भोकात बोट घालून फोटो काढले. मालकही कप हातात धरून हसत फोटोत उभा राहिला. मी ड्रायव्हरच्या सीटकडे बघत होते.

त्यानंतर मला सगळ्यातच काहीतरी दिसायला लागलं. लांबून शिकाऱ्यांच्या बंदुकीचे आवाज यायचे तरी दचकायला व्हायचं. दक्षिणेकडे निघालेली हंसांची रांग घरावरून ओरडत गेली की मी हातातलं काम टाकून ती दिसेनाशी होईपर्यंत खिडकीशी उभी राहायची. तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते, विज्ञान शिकलेली होते, आणि असल्या भीतीला मी स्वतः हसले असते. पण भीती काही शिक्षण बघून येत नाही.

नवरात्रात कुमुदताईंकडे घट बसायचा. त्या नागपूरच्या, आमच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, साऱ्या मराठी मंडळींच्या हक्काच्या. तळघरातल्या ट्यूबलाइटखाली त्यांनी घटाभोवतीचं धान हिरवंगार उगवून आणायचा चमत्कार केलेला असायचा. अष्टमीला आरती झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि देवीपुढचा लाल दोरा हातात दिला.

"श्रीधरच्या मनगटाला बांध. त्याचं ते रॉकेट-बिकेट मला काही बरं वाटत नाही बाई."

"ताई, तो कसला बांधून घेतोय!"

"बांधून घेत नाही तर झोपल्यावर बांध. पण बांध."

घरी येऊन मी त्याला दोरा दाखवला. तो गॅरेजमध्ये पंखांना सँडपेपर मारत होता. त्यानं वर पाहिलंही नाही. "मला कशाला? रॉकेटला बांध. वर तेच जाणार आहे."

तो हसला. मीही हसले. आमची मीनल, तेव्हा अकरा वर्षांची, तिथंच डबा पालथा घालून बसली होती, तीही हसली. "गुड आयडिया, बाबा," ती म्हणाली.

शनिवारी सकाळी अंगणात पहिलं हिंव पडलं होतं. गवत पांढरं झालं होतं आणि कुणीतरी चालून गेल्यासारखी त्यात एक काळी वाट दिसत होती, सशाची असणार. श्रीधर आणि मीनल गाडी भरत होते. मी टेबलावर घडी घालत होते. पॅराशूट मिटत आणलं की खाली त्या आठ दोऱ्या एकत्र येतात, अगदी मनगट वाटावं अशा. मी खिशातून तो लाल दोरा काढला. कापडापासून चार बोटं खाली, त्या आठ दोऱ्यांभोवती दोन वेढे दिले आणि गाठ मारली. मनात देवीचं नाव घेतलं. मग उरलेल्या दोऱ्या नेहमीसारख्या गुंडाळल्या, वर शेवटची घडी टाकली. दोरा आत दिसेनासा झाला.

मी ते इतक्या वेळा आठवून पाहिलं आहे की आता माझेच हात मला दुसऱ्या कुणाचे वाटतात. पॅराशूट उघडायचं तर दोऱ्या एकमेकींपासून लांब जायला हव्यात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मीच तर त्या शिवल्या होत्या. पण त्या क्षणी मी शिवणारी बाई नव्हते. मी मनगटाला रक्षा बांधणारी बाई होते, आणि त्या बाईला दोऱ्यांमधलं काही कळत नव्हतं. याला भोळेपणा म्हणावं की मूर्खपणा, मी अजून ठरवू शकलेले नाही. मूर्खपणाच म्हणावं बहुधा.

शेतावर ऊन होतं पण ऊब नव्हती. कार्ल कार्ड घेऊन आले. मी थर्मास उघडत शेजारीच उभी होते.

"पॅराशूट स्वतः उघडून पाहिलंत?"

श्रीधरनं माझ्याकडे पाहिलं, किंचित हसला, आणि म्हणाला, "येस."

कार्लनी खूण केली. मला बोलता आलं असतं. पण मला वाटलं, उघडलं तर दोरा दिसेल आणि चारचौघांत त्याची फजिती होईल. मी कॉफी ओतली.

रॉकेट छान गेलं. इतकं सरळ की बघणाऱ्यांनी शिट्ट्या मारल्या. मग ती शांतता. ऑक्टोबरचा सूर्य दुपारीही खालीच असतो, आणि रॉकेट वाऱ्याबरोबर नेमकं त्याच्या बाजूला गेलं होतं. वरून 'फट्' ऐकू आलं. ते ऐकताच मीनल लोकांना अडवायला बांधलेल्या दोरीखालून वाकून शेतात धावली. मुलांनी रॉकेट जमिनीला टेकेपर्यंत हलायचं नाही असा नियम होता, पण ती नेहमी आवाजाला सुटायची आणि कुणी फारसं बोलायचं नाही, कारण त्या आवाजानंतर पॅराशूट उघडायचंच. आईनं शिवलेलं होतं ते.

भोंगा वाजला.

मी डोळ्यांवर हात धरून वर बघत होते आणि मला फक्त ऊन दिसत होतं. मग मला कार्लनी शिकवलेलं आठवलं आणि मी लोकांकडे पाहिलं. हात वर गेलेले होते. सगळी बोटं एका जागी रोखलेली होती आणि ती हळूहळू खाली येत होती. त्या बोटांच्या रेषेत, दोनशे पावलांवर, माझी मुलगी धसकटांत उभी होती. तिनंही भोंगा ऐकला होता. ती थांबून वर बघत होती, कपाळावर हात धरून, माझ्यासारखीच.

"मीनू, पळ!" मी ओरडले.

ती माझ्याकडे वळली. "विच वे, आई? विच वे?"

वारा होता, रॉकेट हेलकावत होतं, डावीकडे म्हटलं असतं आणि ते डावीकडे आलं असतं तर? मला ते आता दिसलं. पॅराशूट बाहेर आलेलं होतं, पण मुठीत धरलेल्या रुमालासारखं गळ्याशी आवळलेलं होतं, आणि त्याखाली सहा किलोचं रॉकेट गरगरत खाली येत होतं. मी दोन्ही हात वर केले आणि काहीच बोलले नाही. मुलगी माझ्याकडे बघत होती. ते दोन सेकंद माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब.

ते तिच्यापासून चार पावलांवर आपटलं. एक पंख तुटून उडाला आणि तिच्या भुवईला लागला.

सगळ्यांच्या आधी मी पोचले. तिचा अर्धा चेहरा रक्तानं भरला होता, पण डोळा शाबूत होता, ती उभी होती आणि रडतही नव्हती. मी तिला पोटाशी धरलं. खाली पायाशी माझी साडी पडली होती. राणी रंगावर लाल दोरा तसा दिसत नाही, पण मला दिसला. मागून धावत येणाऱ्यांच्या बुटांखाली धसकटं मोडल्याचा आवाज येत होता. एका हातानं मुलीला धरून मी वाकले, गाठ दातांनी तोडली आणि दोरा कोटाच्या खिशात टाकला. याला पाच सेकंद लागले असतील. मुलीच्या भुवईतून रक्त येत असताना मला हे सुचलं.

श्रीधर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. डोळा ठीक आहे म्हटल्यावर तो पॅराशूटशेजारी खाली बसला. मग त्यानं पॅराशूट उचललं, दोऱ्या एकेक करून पसरल्या. सगळ्या मोकळ्या होत्या.

"पीळ पडला असणार," तो म्हणाला. "भरताना माझ्याच हातून पडला असणार."

कार्ल त्याच्याशेजारी गुडघ्यावर बसले. रागावले नाहीत. नुसतं विचारलं, "तू उघडून पाहिलं होतंस?"

"नो," श्रीधर म्हणाला.

तिथं मी बोलायला हवं होतं. नाही बोलले. मग इस्पितळात चार टाके पडत असताना बोलले नाही. मग मराठी मंडळी डबे घेऊन समाचाराला आली, कुमुदताई माझा हात धरून म्हणाल्या, "बघ, दोऱ्यानं वाचवलं हो पोरीला," तेव्हा तर दातखीळच बसली. लोक म्हणतात वेळ गेली की सांगणं अवघड होतं. माझ्या बाबतीत ते खरं नाही. मी भित्री होते, पहिल्या मिनिटापासून. दोष उचलायला शेजारी एक माणूस आपण होऊन तयार उभा होता, आणि मी तो त्याला उचलू दिला.

श्रीधरनं पुन्हा रॉकेट उडवलं नाही. ते तर काहीच नाही. तो तपासायला लागला. आधी मीनलचा सीटबेल्ट, दोनदा, तीनदा. मग दारं, गॅरेज, स्टोव्हची बटणं. घरातून निघताना गाडीत बसायचा, उतरायचा, आत जाऊन यायचा, पुन्हा उतरायचा. लग्नाला उशीर, सिनेमाला उशीर, एकदा विमान चुकलं. आमच्या मित्रमंडळींत त्याची चेष्टा व्हायची, आणि मी त्या चेष्टेत सामील व्हायची. ऑफिसातही, आराखड्यावर शेवटची सही करायची वेळ आली की तो दुसऱ्या कुणाला तरी पुढे करायचा. त्याच्या हाताखाली शिकलेली मुलं मोठमोठ्या खुर्च्यांवर गेली. तो तिथंच राहिला, दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधत, आणि त्यात तो फार हुशार होता. "माझ्यावर सोडू नका," हे त्याचं पालुपद झालं. घरात इतक्या वेळा ऐकलं की ते मला ऐकूही येईनासं झालं.

दोरा माझ्या सुयांच्या डब्यात आहे. रंग उडून विटकरी झाला आहे. टाकून दिला असता तर बरं झालं असतं, पण देवीचा दोरा कचऱ्यात कसा टाकणार? हेही माझंच.

मीनलच्या उजव्या भुवईत अजून एक बारीक फट आहे. ती आता स्वतः पन्नाशीला टेकली आहे आणि तिला त्या दिवसाचं काही वाटत नाही. पार्टीत सांगायची गोष्ट झाली आहे ती. "आई, आता सगळं सेफ असतं. इलेक्ट्रॉनिक्स असतं आत," असं तिनं मला अनिकाचं रॉकेट दाखवताना समजावलं. मी तिच्या भुवईकडे बघत मान हलवली.

अनिकाच्या क्लबचंही कार्ड असतं. आता त्यावर दुसऱ्या एका मोठ्या माणसाची सही लागते, ज्यानं पॅराशूट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे अशी. बुधवारी ती आली होती तेव्हा आजोबांच्या खुर्चीच्या हातावर बसून म्हणाली, "आजोबा, यू'ल बी माय सेकंड पर्सन, राइट?"

श्रीधरनं पेपर खाली ठेवला. "माझं नको गं. दुसऱ्या कुणाला तरी सांग." आणि मग हसून, अगदी सहज, "आय ॲम नॉट रिलायबल, बेटा."

पोरगी हसली. तिला वाटलं आजोबा विनोद करताहेत. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. हे वाक्य मी वेगवेगळ्या शब्दांत हजारदा ऐकलं असेल, पण पंधरा वर्षांच्या मुलीला, हसत, ओळख करून दिल्यासारखं सांगताना कधी ऐकलं नव्हतं. मला तिथं उभं राहवेना.

तरी आज शनिवार उजाडावा लागला. सकाळी गवतावर हिंव होतं. श्रीधर खिडकीच्या कड्या बघत फिरत होता, मी केशरी पॅराशूटवर पावडर भुरभुरत होते. त्या वासानं हात थांबले.

"श्रीधर, त्या दिवशी तू चुकीचं भरलं नव्हतंस."

कुठल्या दिवशी, हे त्यानं विचारलं नाही. तो कडीवर हात ठेवून तसाच उभा राहिला. मी सांगितलं. कुमुदताई, अष्टमी, टेबल, दोन वेढे, गाठ, दात, खिसा. सगळं सांगायला चहाला उकळी येते तेवढाही वेळ लागला नाही. मी समजत होते आणखी खूप असेल.

तो समोर येऊन बसला. पॅराशूट स्वतःकडे ओढून त्यानं त्याच्या दोऱ्या हातात घेतल्या.

"कुठं बांधला होतास?"

मी दाखवलं. त्यानं तिथं चिमूट धरली आणि वरचं कापड कसं आवळलं जातं ते बघत बसला.

"पार खाली, टोकाशी बांधला असतास तर काही झालं नसतं," तो म्हणाला. मग, "मी उघडून पाहिलं असतं तरी टळलं असतं."

"तू म्हणाला होतास, रॉकेटला बांध," मी म्हणाले. हे म्हणायचं नाही असं मी ठरवलं होतं.

"म्हणालो होतो."

"रागावलास?"

"माहीत नाही अजून." त्यानं चिमूट सोडली. "आज अनिकाचं आटपू दे. आता घाल घडी. मी समोर बसतो."

तो समोर बसला आणि मी घडी घातली, कळीवर कळी. त्यानं प्रत्येक दोरी डोळ्यांनी मोजली. झाल्यावर खिशातून पेन काढलं, अनिका ठेवून गेली होती त्या कार्डावर आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि सही केली. मग किल्ल्या घेतल्या, कोट घातला आणि सरळ बाहेर जाऊन गाडीत बसला. कड्या नाहीत, गॅरेज नाही, स्टोव्ह नाही. खिडकीतून मला दिसलं, त्यानं गाडी सुरू केली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो समोर बघत होता. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते हेच, असं मला वाटायला हवं होतं.

मी पॅराशूटची पिशवी उचलली. दारापर्यंत गेले. बाहेर रस्त्यापलीकडे आकाश होतं, स्वच्छ, जमिनीपर्यंत उघडं, आणि त्यात कुठं ढगाचा ठिपकाही नव्हता. सकाळी दूध तापवलेलं मला आठवत होतं, स्टोव्ह बंद केलेला आठवत नव्हता. मी परत आत आले. चारही बटणं बंद होती. दारापर्यंत गेले आणि पुन्हा आत आले.

बाहेर त्यानं हॉर्न वाजवला. मी पिशवी खाली ठेवली आणि पहिल्या बटणापासून, हात लावून, पुन्हा बघायला लागले.